बीआरएसआरचं काम अंगावर आलंय? आधी डिझेलचे लिटर मोजा

बीआरएसआर म्हणजे कंपनीने पर्यावरण आणि समाजाबाबत द्यायचा वार्षिक अहवाल. त्यात कार्बन उत्सर्जन तीन भागांत मोजतात: स्कोप 1 आपण स्वतः जाळलेल्या इंधनाचं, स्कोप 2 विकत घेतलेल्या विजेचं, स्कोप 3 पुरवठादार-ठेकेदारांसकट बाकी सगळ्यांचं. सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर सक्तीचा केला, आणि माझ्यासारखे सिव्हिलवाले साइटवरून उचलून महापेच्या ऑफिसात एक्सेलसमोर बसवले गेले.

विजेचं सोपं आहे. बिलातले युनिट घ्या, केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या फॅक्टरने (युनिटमागे किती कार्बन) गुणा, झालं. जीव खातं ते डिझेल.

भाड्याचा पोकलेन दोन तऱ्हेने येतो. 'विदाउट डिझेल' असेल तर डिझेल आपलं स्टोअर देतं. 'विथ डिझेल' असेल तर मालक स्वतः भरतो, आपल्याकडे लिटरची नोंदच नाही. शिवाय सबकॉन्ट्रॅक्टरला दिलेलं डिझेल त्याच्या आरए (चालू कामाच्या) बिलातून कापतात. अकाउंट्समध्ये ती वसुली खर्चातून वजा होते, स्टोअरच्या रजिस्टरला मात्र लिटर तसेच राहतात. हे दोन आकडे जुळेनात तेव्हा कित्येक महिने मला चोरीचाच संशय होता. (चोरीही होते, पण तो विषय वेगळा.)

म्हणून सांगतो, रुपयांवरून लिटर काढू नका. काढूच नका. इश्यू स्लिपा (स्टोअरने डिझेल दिल्याच्या चिठ्ठ्या) घ्या, टाकीतला सुरुवातीचा आणि शेवटचा साठा ताडून बघा. एका लिटरमागे साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे 10,000 लिटर निसटले की 27 टन गायब.

आता 'विथ डिझेल'ची गंमत. कंपनीने हिशोबाची हद्द कशी आखलीय त्यावर आहे, पण बहुधा ते स्कोप 3 मध्ये जातं, आणि बीआरएसआरमध्ये स्कोप 3 ऐच्छिक. विकत घेतलेल्या सिमेंट-स्टीलच्या उत्सर्जनाचा डोंगरही तिथेच. स्वतःची मशिनरी विकून विथ डिझेल भाड्याने घेतली की स्कोप 1 झपकन उतरतो, घोडबंदरच्या साइटवर धूर तेवढाच. असा उतार दिसला तर कौतुकाचा परिच्छेद लिहिण्याआधी प्लँट (मशिनरी) खात्यात फोन करा. उलाढालीमागचं उत्सर्जन कमी दिसलं तरी तेच. नुसते दर वाढूनही ते घटतं.

महागडे ईएसजी (पर्यावरण, समाज, कारभार) कोर्स नंतर करा. माझ्या मते या धंद्यातला खरा गुरू स्टोअरकीपर. तो आधी वैतागेल, मग सगळं दाखवेल. सुरुवातीला काहीच जुळत नाही, घाबरू नका, दुसऱ्या वर्षी हात बसतो.

आणि स्लिपांचे फोटो मे महिन्यातच काढून ठेवा. साइटवरचं स्टोअर पत्र्याचं असतं, जूनमध्ये गळतं, आणि तपासणीवाला नेमकी भिजलेलीच स्लिप मागतो.