कर्ज फिटलं, पण अहवालात फिटलंय का?

शेवटचा हप्ता गेला म्हणजे सुटलो, असं आपण धरून चालतो. फ्रिजचं, मोबाइलचं छोटं कर्ज असेल तर हमखास. पण बँकेने ते बंद झाल्याचं कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांना कळवलंच नाही, तर क्रेडिट अहवालात, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, ते चालूच दिसतं आणि गृहकर्जाच्या वेळी नेमकं आडवं येतं. म्हणून ना-हरकत दाखला मागून घ्या, दीड-दोन महिन्यांनी अहवाल उघडून बघा.

अहवाल फुकट मिळतो. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चूक दिसली तर त्यांच्याच संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. (तक्रार क्रमांक जपून ठेवा, तोच पुरावा.)

आणि वसुलीवाला ‘थोडे कमी भरा, मिटवून टाकू’ म्हणाला तर भुलू नका. तेव्हा खात्यावर ‘क्लोज्ड’ नव्हे, ‘सेटल्ड’ लागतं. पुढचा सावकार ते ‘पूर्ण फेडलं नाही’ असंच वाचतो.