कार कंपन्या एकत्र आल्या की आजारी ब्रँडचं पुढे काय होणार, हे कसं ओळखायचं

विलीनीकरणाची बातमी आली की साहेबांची भाषणं बाजूला ठेवा. जानेवारी २०२१ मध्ये फियाट-क्रायसलर आणि पीएसए (प्यूजो, सिट्रोएनवाली फ्रेंच कंपनी) मिळून स्टेलांटिस झाली, १४ ब्रँड एकाच घरात आले. प्रमुख कार्लोस ताव्हारेस यांनी प्रत्येक ब्रँडला स्वतःला सिद्ध करायला १० वर्षं देऊ केली. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनीच राजीनामा दिला. मी चाकणला टूलरूममध्ये आहे. आमच्याकडे एकच गोष्ट विचारतात: पुढच्या मॉडेलच्या टूलिंगला, म्हणजे साचे-डाय बनवायला, पैसा सुटलाय का?

आधी प्लॅटफॉर्म बघा, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा. नवा बनवायचा तर खर्च अफाट, म्हणून आजारी ब्रँडच्या वाट्याला बहुधा भावंडाचाच येतो. स्टेलांटिसच्याच इटालियन लान्चाकडे इप्सिलॉन ही एकच गाडी उरली होती, तीही फक्त इटलीत विकली जाणारी. २०२४ ची नवी इप्सिलॉन प्यूजो २०८ च्या प्लॅटफॉर्मवर आली, बनते स्पेनमध्ये. याच घरातल्या इटालियन अल्फा रोमिओची ‘मिलानो’ पोलंडमध्ये बनणार, जीप अॅव्हेंजर बनते त्याच कारखान्यात. इटलीच्या मंत्र्यांनी इटालियन नावाला हरकत घेतली आणि चार-पाच दिवसांत ती ‘ज्युनियर’ झाली. बारसं उरकल्यावर नाव बदलायचं, सगळीच गंमत.

पण सांगाडा सामायिक म्हणजे ब्रँड संपला असं धरू नका. ऑडी आणि फोक्सवॅगनचं वर्षानुवर्षं असंच चाललंय. गिऱ्हाइकाचा हात जिथे लागतो तिथे खर्च केलाय का, ते शोरूममध्ये जाऊन तपासा: दार लावून बघा, डॅशबोर्ड दाबून बघा, बटणं भावंडाचीच आहेत का बघा. फोर्डनं २००१ मध्ये आपल्याच साध्या मॉन्डिओ गाडीच्या सांगाड्यावर, तेव्हा ताब्यात असलेल्या जग्वारची एक्स-टाइप काढली, तिला ‘महागडी मॉन्डिओ’ हे टोमणे शेवटपर्यंत चुकले नाहीत. जीएमनं (जनरल मोटर्स) तर अमेरिकेत सुबारू इम्प्रेझालाच आपल्या ताब्यातल्या स्वीडिश साबचा बिल्ला डकवला. पुढे साब विकली गेली आणि २०११ च्या डिसेंबरात तिचं दिवाळं निघालं.

व्हॉल्व्होचं उलट झालं. फोर्डनं १९९९ मध्ये ६.४५ अब्ज डॉलरला घेतलेली ही कंपनी २०१० मध्ये चिनी कंपनी गीलीला सुमारे दीड अब्जाला मिळाली. गीलीनं पैसा ओतला आणि काम स्वीडनच्या इंजिनिअरांवर सोडलं. प्लॅटफॉर्म स्वतःचा, इंजिनं स्वतःची, आणि त्यावर २०१४ मध्ये नवी एक्ससी९०.

असल्या ब्रँडची गाडी घ्यायचीच असेल, तर सामायिक सांगाड्यावरचीच घ्या. ब्रँड बंद पडला तरी ब्रेक पॅड, बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) बहुतेक भावंडाचे चालतात. हेडलाइट आणि बंपरचे भाव मात्र आधीच विचारून ठेवा.