गरम अन्न आणि प्लास्टिकचे डबे
प्लास्टिकचे कण सर्वात जास्त सुटतात ते उष्णतेने आणि घासण्याने. उकळती आमटी थेट डब्यात ओतू नका. पातेल्यात कोमट होऊ द्या, मग भरा. मायक्रोवेव्हमध्ये काचेचं भांडंच ठेवा. ‘मायक्रोवेव्ह सेफ’ म्हणजे डबा वितळणार नाही, एवढंच. कागदी कपालाही आतून प्लास्टिकचा थर असतो: आयआयटी खरगपूरच्या २०२० च्या अभ्यासात १०० मिली गरम पाण्यात १५ मिनिटांत सुमारे २५,००० कण सुटले. टपरीवर काचेचा ग्लास मागा.

हळदीच्या डागावर तारेची घासणी चालवू नका. चरे पडतात नि तिथूनच कण निघतात. उन्हात डाग उडतो खरा, पण प्लास्टिकही ठिसूळ होतं. पिवळा डबा चालेल, खरखरीत झालेला नको. त्यात खिळे-स्क्रू ठेवा.