फॅट३२ चे एनटीएफएस करताना जागा अपुरी पडली तर

पेनड्राइव्हवर दहा जीबी मोकळे दिसतात, तरी पाच जीबीचा व्हिडिओ टाकायला गेलात की विंडोज नकार देते. इथे जागा कमी पडत नाही. फॅट३२ आणि एनटीएफएस या ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत. फॅट३२ मध्ये एकच फाइल ४ जीबीपर्यंत मोठी होऊ शकत नाही, मर्यादा त्याच्या एक बाइट अलीकडे संपते. म्हणून ड्राइव्ह एनटीएफएस करावा लागतो. आतला डेटा न पुसता हे काम विंडोजमधली कन्व्हर्ट ही कमांड करते. पण ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असेल, तर ती जागा अपुरी असल्याचे सांगून थांबते. घाबरू नका, तोवर रूपांतर सुरूच झालेले नसते.

निदान जे पुन्हा मिळणार नाही, ते घरचे फोटो आणि कागदपत्रे आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवा. एनटीएफएस झालेला ड्राइव्ह डेटा राखून परत फॅट३२ करायची सोय विंडोजमध्ये नाही. सगळाच डेटा दुसरीकडे मावत असेल, तर माझे मत स्पष्ट आहे: कन्व्हर्टच्या वाटेला जाऊ नका, सरळ एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा आणि डेटा परत टाका. तेवढी जागा नसेल तर पुढे वाचा.

कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची विंडोजमधली खिडकी, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. समजा ड्राइव्हचे अक्षर ई आहे. आधी चेकडिस्क, म्हणजे ड्राइव्हमधल्या चुका शोधून दुरुस्त करणारी कमांड, चालवा: सीएचकेडीएसके ई: /एफ. कमांड इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या, इथे फक्त उच्चार दिले आहेत. ही पायरी बरेच जण गाळतात, आणि घोळ अनेकदा इथेच असतो. फॅट३२ मोकळ्या जागेचा आकडा वेगळा लिहून ठेवते. पेनड्राइव्ह इजेक्ट न करता ओढून काढला की तो आकडा चुकीचा राहू शकतो. शिवाय अर्धवट राहिलेल्या फाइलींचे तुकडे जागा अडवून बसतात. चेकडिस्क ते तुकडे फाउंड.००० नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये टाकते. त्यात कामाचे काही नाही याची खात्री झाली की तो फोल्डर काढून टाका.

आता कन्व्हर्ट ई: /एफएस:एनटीएफएस ही कमांड द्या. लेबल विचारले तर एक्सप्लोररमध्ये दिसते तेच जसेच्या तसे टाका. थोड्या वेळाने तीन आकडे केबीमध्ये दिसतील: ड्राइव्हची एकूण जागा, मोकळी जागा आणि रूपांतराला लागणारी जागा. शेवटच्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुम्हाला मोकळी करायची जागा.

काय हलवायचे, हे ठरवताना बहुतेकांची नजर आधी मोठ्या सिनेमांवर जाते. त्याने जागा मिळते, पण गरज मात्र कमी होत नाही. एनटीएफएस प्रत्येक फाइल आणि फोल्डरची स्वतंत्र नोंद ठेवते, साधारणपणे १ केबीची, आणि या नोंदी मोकळ्या जागेतच तयार होतात. एक लाख फाइली असतील, तर नुसत्या नोंदींनाच शंभर एमबीच्या आसपास जागा लागते. म्हणून हजारो बारीक फाइलींचा फोल्डर शोधा: जुने व्हॉट्सॲप फोटो, थंबनेल, एखाद्या सॉफ्टवेअरचा कॅश, म्हणजे त्याने साठवलेल्या तात्पुरत्या फाइली. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘साइझ’ आणि ‘साइझ ऑन डिस्क’ हे दोन आकडे बघा. ड्राइव्ह फाइलींना जागा ठरावीक मापाच्या तुकड्यांत देतो, त्या तुकड्याला क्लस्टर म्हणतात. क्लस्टर १६ केबीचा असेल, तर २ केबीची फाइलही १६ केबी अडवते. असा फोल्डर तात्पुरता कॉम्प्युटरवर हलवला की दुहेरी फायदा होतो: मोकळी जागा वाढते आणि लागणारी जागा घटते.

तरीही भागले नाही, तर एक्सप्लोररमध्ये लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू करा. एक्स्टर्नल हार्ड डिस्कला स्वतःचा रीसायकल बिन असतो, तो रिकामा करा. ड्राइव्ह मॅकला लावला असेल तर डॉट-ट्रॅशेस हा फोल्डर तपासा. मॅकवर डिलीट केलेल्या फाइली तिथे पडून असतात.

मग तीच कमांड पुन्हा द्या. ड्राइव्ह वापरात आहे असे म्हटले तर त्यावरच्या उघड्या फाइली आणि विंडो बंद करा. रूपांतर चालू असताना केबलला हात लावू नका. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच बसा.

दोन गोष्टी आधीच तपासा. ड्राइव्ह एक्सफॅट या तिसऱ्या पद्धतीचा असेल, तर ही कमांड चालत नाही. तसे एक्सफॅटवर ४ जीबीची अडचणही येत नाही. आणि ड्राइव्ह जुन्या टीव्हीला किंवा गाडीच्या स्टिरिओला लावायचा असेल, तर ते यंत्र एनटीएफएस वाचते का, हे दुसऱ्या एखाद्या एनटीएफएस पेनड्राइव्हवर बघून घ्या.