फ्लॅट बुक करताना दहा टक्क्यांपलीकडचा हिशोब

पुण्यात वाकड, रावेत, मांजरी, कुठेही जा, ‘फक्त 10 टक्के भरा’ असे फलक दिसतात. सही करण्याआधी एक आकडेमोड नक्की करा.

समजा पुण्यात बांधकाम चालू असलेला 60 लाखांचा फ्लॅट आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के देते, म्हणजे 48 लाख. उरलेले 12 लाख आपले. शिवाय 60 लाखांवर 7 टक्के मुद्रांक शुल्क 4.20 लाख, नोंदणी 30 हजार, 5 टक्के जीएसटी 3 लाख. हे खर्च बँक किमतीत धरत नाही. हाताशी साडेएकोणीस लाख हवेत, फलकावरच्या दहा टक्क्यांचे सहा नव्हेत! अनेक घरांत इथेच सोनं मोडायची वेळ येते.

घर फक्त पत्नीच्या किंवा आईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, इथे सरळ 60 हजार. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या फ्लॅटला जीएसटी लागत नाही. पैसे तुटपुंजे असतील तर मी असाच फ्लॅट आधी शोधेन. भाडं आणि हप्ता दोन्ही एकदम भरायची ओढाताणही टळते.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा: नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या कायद्याचं, कलम 13 तसं स्पष्ट सांगतं. ‘आधी वीस टक्के द्या, करार नंतर करू’ म्हणाले तर चेकबुक काढूच नका. महारेराच्या, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या राज्यातल्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून बिल्डरने प्रकल्प पूर्ण करायची कोणती तारीख दिलीय, तेही घरी बसून पाहता येतं.