सवाईला निघण्याआधी

डिसेंबर जवळ आला आणि पुण्यातल्या सवाई गंधर्व भीमसेन या शास्त्रीय संगीत महोत्सवाच्या कलाकारांची नावं जाहीर झाली, की मी आधी एकच नाव शोधते: गायक पंडित व्यंकटेश कुमार. दर वर्षी नसतंच. असलं, तर रजेचा अर्ज त्याच दिवशी टाकायचा. तिकिटाचं नंतर बघता येतं. साहेब एकदा ‘नाही’ म्हणाले की संपलं.

तिकीट काढताना मात्र स्वतःशी खरं बोलायचं. भारतीय बैठक स्वस्त पडते आणि तिथली मजा खुर्चीला नाही, दोन्ही मान्य. पण दुपारी सुरू झालेलं गाणं रात्रीपर्यंत चालतं. इतके तास मांडी घालून बसायची सवय आता कुणाला उरलीय? पहिल्या वर्षी मी तशीच जाऊन बसले. ज्यांच्यासाठी साताऱ्याहून आले ते गायला बसेपर्यंत माझा उजवा पाय पार बधिर. त्यांचा षड्ज, म्हणजे पहिला ‘सा’, लागला आणि मी पोटरी चोळत होते. तेव्हापासून नोव्हेंबर लागला की रात्रीची जेवणं झाल्यावर अर्धा तास जमिनीवर बसते, भिंतीला न टेकता. घरात हसतात. हसू देत. गुडघे अगदीच ऐकत नसतील तर खुर्चीचे पैसे भरावेत, त्यात कमीपणा नाही.

पिशवीत सगळ्यात आधी जुनी गोधडी, चौघडी करून. मग शाल आणि स्वेटर. दुपारी मांडवात घाम येतो आणि आठ वाजले की पाठीला गारठा झोंबायला लागतो. स्वेटर पुढून बटणांचा घ्या. डोक्यातून घालायचा असला की भर आलापीत दोन्ही हात वर जातात आणि मागच्याला गायकाच्या जागी तुमची कोपरं दिसतात. खडीसाखर-लवंग कागदातून काढून आधीच डबीत भरा. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, चुरचुरणारा कागद मांडवभर ऐकू जातो. स्टीलची बाटली नको, कलंडली की घंटा वाजते. खायला चटणी-पोळीची गुंडाळी पुरे. वडे आणि कॉफी तिथे मिळतेच, पण आपल्या गायकाच्या आधी दोन तास कॉफीला हात लावायचा नाही. का, ते स्वच्छतागृहापुढची रांग पाहिली की कळेल.

कानांचं म्हणाल तर माझा उपाय थोडा उलटा आहे. लोक जायच्या आधी आठवडाभर त्याच गायकाची ध्वनिमुद्रणं लावून बसतात. मी ती बंद करते. आठ दिवस कान उपाशी. नाहीतर मोबाइलमधला यमन राग डोक्यात इतका पक्का बसतो, की समोरचा यमन त्याच्याशी ताडून बघण्यातच अर्धा तास जातो. त्यापेक्षा वेळ बघून कुठला राग येईल याचा अंदाज बांधावा. उतरत्या दुपारी मुलतानी, भीमपलास, पटदीप. दिवेलागणीला मारवा किंवा पूरिया. मग यमन, शुद्ध कल्याण. त्यानंतर बागेश्री, अभोगी. मध्यरात्रीच्या रागांची आशा फार धरू नका. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, एखाद्या दिवशी बारापर्यंत परवानगी मिळाली तर नशीब. पूर्वी महोत्सव व्हायचा त्या रमणबागेत उजाडेपर्यंत गाणं ऐकलेली माणसं अजून भेटतात, त्यांच्याशेजारी जागा मिळाली तर गप्पांची सोय होते. फर्माईश मात्र मनातल्या मनात करावी, ओरडून नाही.

गायकाबद्दल थोडं ठाऊक असलं तर बरं. व्यंकटेश कुमार कर्नाटकातल्या बळ्ळारीकडचे, शिकले गदगला, पुट्टराज गवई यांच्या आश्रमात. २०१६ साली पद्मश्री मिळाली. १९५३ साली आपल्या गुरूच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू करणारे भीमसेन जोशीही गदगकडचेच, आणि ते गुरू, म्हणजे सवाई गंधर्व, धारवाडजवळच्या कुंदगोळचे. त्यामुळे व्यंकटेश कुमारांच्या ख्यालानंतर, म्हणजे रागातली मुख्य बंदिश गाऊन झाल्यावर, एखादं कन्नड भजन आलं तर ‘कळत नाही’ म्हणून पादत्राणं शोधायला उठू नका. ते ख्याल गातात तेव्हा तरी शब्द कुठे एवढे कळत असतात!

पोचायचं एक कलाकार आधी. स्वारगेटला उतरलं की महोत्सवाचं मुकुंदनगर चालत जाण्याएवढं आहे, तरी त्या वर्षीचं ठिकाण एकदा बघून घ्या. मोठ्या ध्वनिक्षेपकाच्या समोर बसू नये. मी थोडी बाजूची जागा धरते, जिथून गायकाचा हात आणि तबलजींचा चेहरा दोन्ही दिसतात. समेआधी, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येण्याआधी, त्या दोघांत जे चालतं ते समोरून निसटतं. तंबोरे लागत असताना गप्पा आटोपत्या घ्याव्यात, माझं गाणं तिथूनच सुरू होतं. मोबाइल बंद. ‘सायलेंट’ नाही, बंद.

परतीची सोय आधी. कोल्हापूर-सांगलीकडच्या रात्रीच्या गाड्या मिळतात, पण त्यातल्या काही साताऱ्यात आत शिरत नाहीत, महामार्गावरच उतरवतात. अपरात्री दुचाकी घेऊन कोण येणार, हे घरातून निघतानाच ठरवून घ्या. आमच्याकडे भाचा येतो, बदल्यात त्याला चितळ्यांची बाकरवडी. ती दुपारीच घ्यायची, रात्री दुकान उघडं नसतं.

आणि शेवटी एक छोटी वही, पेन्सिलसकट. राग, ताल, बंदिशीचा मुखडा, साथीला कोण होतं, एवढं गाडीत बसल्याबसल्या लिहून टाकायचं. सकाळपर्यंत मुखडा हमखास निसटतो. माझ्या वहीत पहिल्या वर्षाच्या पानावर तारीख आहे, गायकाचं नाव आहे, आणि रागाच्या जागी लिहिलंय, ‘उजवा पाय’.