सीआरसी एरर वाढतायत, केबल मात्र ठणठणीत

पिंग (छोटा चाचणी संदेश) व्यवस्थित, पण मोठी फाईल कॉपी करायला घेतली की वेग पार बसायचा. राउटरच्या पोर्टचे आकडे उघडले. ते आधीपासून साचत आलेले असतात, नुसता मोठा आकडा बघून घाबरण्यात अर्थ नाही. काउंटर शून्य करून फाईल पुन्हा पाठवली, तर सीआरसी एरर (वाटेत बिघडून आलेल्या डेटाची मोजदाद) भराभर चढले. राउटर आणि स्विचमधली केबल बदलली, ढिम्म फरक नाही. मग स्विचकडचं टोक पाहिलं: तिथे लेट कोलिजन, म्हणजे पाठवणं बरंच पुढे गेल्यावर झालेली डेटाची टक्कर! उलगडा तिथेच झाला. राउटरचं पोर्ट कुणीतरी १०० एमबीपीएस वेग आणि फुल डुप्लेक्सवर (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) पक्कं करून ठेवलेलं, स्विच ऑटोवर, म्हणजे समोरच्याशी जुळवून स्वतः ठरवणारा. अशा वेळी ऑटोवालं टोक वेग बरोबर ओळखतं, पण डुप्लेक्स कळत नसल्याने हाफवर (एका वेळी एकच दिशा) जातं. मग फुलवालं टोक मधेच पाठवतं आणि हाफवालं त्याला टक्कर समजतं. दोन्हीकडे ऑटो केलं. सीआरसी आता जागचा हलत नाही.